काश्यप गोत्राच्या साहेबाचे पाइप

सुपारीचं खांडसुद्धा न खाणारा माणूस मी. तरी खामगावात माझ्या घराची चौकशी केली, तर लोक 'चिलीमवाल्या कारकुनाचं घर' म्हणून बोट दाखवतात. हे नाव मला कसं पडलं याबद्दल गावात चार-पाच हकिगती फिरतात आणि त्या सगळ्या खोट्या आहेत. खरी हकिगत त्यांच्याहून वाईट असल्यामुळे मी ती आजवर कुणाला धड सांगितली नाही.

त्या वेळी मी जंगल खात्याच्या कचेरीत हंगामी कारकून होतो. हंगामी म्हणजे दर सहा महिन्यांनी माझी नोकरी मरायची आणि साहेबाने शिफारस केली की पुन्हा जिवंत व्हायची. असं सहा वेळा झालं होतं. सातव्या वेळी वरून हुकूम आला, की हा मनुष्य एक तर कायम करा, नाही तर काढून टाका. मुदत तीस एप्रिलची होती. सही लागणार होती ती विल्मट साहेबाची.

विल्मट साहेब उंच, लालसर आणि कमी बोलणारा. त्याला पाइप ओढायचा फार शौक. रोजचे चार पाइप तो बरोबर बाळगायचा, आणि तीन पाइप वेगळे, क्वचित ओढायचे. नाताळ आटोपला, साहेबाचा कॅम्प वरवट बकालच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला हलायचा होता. तेव्हा त्याने मला बंगल्यावर बोलावलं आणि टेबलावर ते तीन पाइप मांडले. त्यांचं लाकूड म्हणे कुठल्याशा विलायती झुडपाच्या मुळाचं होतं. पूर्वी असे पाच होते. खानसाम्याने एक डांबराच्या गोळ्यांबरोबर पेटीत ठेवला आणि दुसरा साबणाने धुऊन उन्हात वाळवला, त्यामुळे आता तीन.

"बाबू, तुम तंबाखू नहीं पीता," साहेब म्हणाला. "तुम रखेगा."

मी तीन वर्षं मान मोडून केलेल्या कामाचं चीज झालं ते असं.

मग साहेबाने एकेकाची ओळख करून दिली. हा नाताळचा. हा त्याच्या स्वतःच्या वाढदिवसाचा. तिसरा काळपट, जुना, नळीवर दातांच्या खुणा असलेला. तो त्याच्या बापाचा. वर्षातून एकदाच, चोवीस एप्रिलला, साहेब तो ओढायचा, कारण बाप त्या दिवशी गेला.

"म्हणजे श्राद्ध," माझ्या तोंडून निघून गेलं. श्राद्ध म्हणजे काय, असं साहेबाने विचारलं. मी माझ्या इंग्रजीत सांगितलं, की वर्षातून एक दिवस बापाला जेवायला बोलवायचं. साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाला, "यस बाबू. दॅट इज इट." त्यानंतर मला तो साहेब जरा कमी वाटायला लागला आणि माणूस जरा जास्त.

त्याने मला अकरा नियम लिहून दिले. पाइप आडवे ठेवू नयेत. तंबाखूची वाटी खाली, नळी वर, असे उभे ठेवावेत. ऊन लागू देऊ नये. बंद पेटीत कोंडू नयेत. उग्र वासाजवळ नेऊ नयेत. चौथा नियम त्याने तांबड्या शाईने लिहिला होता: ओढून झाल्यावर पाइप गरम असताना नळी कधी उपसू नये, पूर्ण निवेपर्यंत थांबावं, नाही तर सांधा फुटतो. अकरावा नियम मला त्या वेळी नीट कळला नाही. दोन महिन्यांहून जास्त पडून राहिला तर पाइप एकदा पेटवावा, म्हणजे लाकूड आपलं काम विसरत नाही.

"चोवीस एप्रिल को हम आएगा," साहेब म्हणाला. "जरूर आएगा. तुम्हारा कागज भी उसी दिन सही करेगा."

मी पावती लिहून दिली: लाकडी पाइप, नग तीन, सुस्थितीत मिळाले. माझं पुढचं सगळं आयुष्य त्या 'सुस्थितीत' या शब्दावर लटकलेलं होतं हे माझ्या ध्यानात आलं, तेव्हा मी धोतरात गुंडाळलेले पाइप घेऊन माझ्याच दारात उभा होतो आणि दारात सुभद्राबाई उभी होती.

सुभद्राबाई म्हणजे आमचं कुटुंब. तिने गाठोडं न शिवता वाकून पाहिलं.

"हे तं साहेबाच्या तोंडातलं व्हय," ती म्हणाली. "उष्टं. माह्या घरात नाई येनार."

"अगं, नोकरीचा प्रश्न आहे."

"नोकरी कचेरीत. घरात सोवळं हाय. ओसरीवर ठेवा."

ओसरीवर तिसऱ्या प्रहरी ऊन यायचं. गोठ्यात शेणाचा वास, म्हणजे उग्र वासाचा नियम मोडत होता. माळवदावर उंदीर. दोन दिवस मी ते गाठोडं मांडीवर घेऊन बसलो, जेवताना खुंटीला टांगलं, आणि शेवटी तहाची बोलणी झाली. पुढच्या खोलीतला कोनाडा पाइपांना मिळाला. बदल्यात मी प्रत्येक वेळी पाइपाला हात लावला की आंघोळ करायची, आणि त्या खोलीत पिण्याच्या पाण्याचं भांडं ठेवायचं नाही. पिण्याचा माठ तिने त्याच दिवशी आत स्वयंपाकघरात नेला. पाइप रोज पुसायचे असल्यामुळे माझ्या दिवसाला दोन आंघोळी होऊ लागल्या, आणि माझं सर्दीचं नाक बघून कचेरीत लोकांना वाटलं मी जपजाप्य चालवलंय.

आमचे शेजारी किसनराव. शाळामास्तरकीतून निवृत्त झाले होते आणि शिकवण्याची सवय मात्र नोकरीत राहिलेली नव्हती, घरी आली होती. ते रोज येऊन कोनाड्यापुढे हात मागे बांधून उभे राहायचे.

"लाकूडच व्हय ना? मंग जवसाचं तेल लावा, वैजनाथराव. बैलगाडीच्या दांड्या पन्नास वर्सं टिकतेत."

मी जवसाचं तेल लावलं. पाइप चिकट झाले आणि त्यांना मुंग्या लागल्या.

"मुंग्या कायले येतीन? पाइपांले छोटी घडवंची करून घ्या, तिचे पाय पान्यात ठेवा."

सुताराकडून करून घेतलेल्या घडवंचीचे पाय मी पाण्याच्या वाट्यांत ठेवले. मुंग्या गेल्या, बुरशी आली. किसनराव म्हणाले, कडुलिंबाच्या पाल्याची धुरी द्या. धुरीने बुरशी गेली, पण पाइपांना वैद्याच्या दुकानासारखा वास यायला लागला, आणि मी रात्रंदिवस कॉफीची पूड शोधत गावभर हिंडलो, कारण पूड वास ओढून घेते असंही किसनरावच म्हणाले होते. खामगावात तेव्हा कॉफी एका पारशाच्या घरी होती. त्याने ती का हवी म्हणून विचारलं आणि मी खरं सांगितलं, ही माझी आणखी एक चूक.

मार्चच्या सुरुवातीला अकरावा नियम दारात येऊन उभा राहिला. दोन महिने झाले होते. पाइप पेटवायचा होता, आणि पेटवणार कोण? सोवळ्यातला मनुष्य साहेबाच्या तोंडची नळी आपल्या तोंडात कशी घालणार? यावर मी दोन दिवस विचार केला आणि मला तोड सापडली. आपल्याकडे चिलीम ओढताना लोक तिला ओठ लावत नाहीत. मूठ वळून मुठीतून धूर ओढतात. मी तसंच करायचं ठरवलं. परसात विहिरीआड बसलो, बापाचा पाइप सोडून उरलेल्या दोघांत चिमूटभर तंबाखू भरला, एक मुठीत धरला आणि ओढला. काही येईना. मग जोर करायचा म्हणून मी चुकून फुंकलं. वाटीतला निखारा उडून माझ्या धोतरावर बसला, आणि त्याच क्षणी किसनराव कुंपणावरून डोकावले.

"काय हो वैजनाथराव, लपून?"

तो 'लपून' शब्द संध्याकाळपर्यंत गावभर झाला. धोतराला पडलेलं भोक सुभद्राबाईने न बोलता रफू केलं, ते मला जास्त लागलं.

बापाचा पाइप मी पेटवला नाही. त्याला आपण हात कसा लावणार? तो ज्याचा त्याने ज्या दिवशी ओढायचा, त्याच दिवशी ओढावा. नियम मोडला, पण मला त्याचं वाईट वाटलं नाही.

चैत्र सरत आला तशा कचेऱ्या सकाळच्या झाल्या. अकराला मी घरी यायचो आणि बारानंतर सगळं खामगाव दारं लावून पडायचं. वऱ्हाडातली ती दुपार ज्याने पाहिली नाही त्याला सांगून कळायचं नाही. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. कापसाच्या जिनिंग कारखान्यांचा हंगाम संपलेला, त्यांच्या शिट्ट्या बंद. इतकं शांत असतं, की स्वतःच्या घरात आपण पाहुणे आलो आहोत असं वाटतं. लोक रात्रीला भितात, मला दुपारची भीती वाटते.

कॅम्पाकडून दहा दिवस डाक आली नव्हती. आमचे हेडक्लार्क भगवंतराव म्हणाले, "जंगलातली डाक म्हंजे अशीच. वाघ आला असंल मधात." पण मला चैन पडेना. कायम करण्याच्या शिफारशीची साफ प्रत मी सुबक अक्षरात लिहून घरीच ठेवली होती, पाइपांखालच्या खणात. रोज पाइप पुसले की ती काढून वाचायचो. सुभद्राबाईने त्या महिन्यात माहेरी एक पत्र लिहिलं होतं, की तुमच्याकडची मागची खोली रिकामी आहे का. ते मला पोस्टमनकडून कळलं.

बावीस तारखेचा रविवार. दुपारी जेवून मी पुढच्या खोलीत चटईवर आडवा झालो होतो. डोळा लागत होता तोच तंबाखूचा वास आला. बिडीचा नव्हे, चिलमीचा नव्हे. साहेबाच्या खोलीत कागद घेऊन गेलं की यायचा तो, गोडसर, मनुका जळाल्यासारखा. मी उठून बसलो. दार आतून लावलेलं. खोलीत धूर नव्हता. वास मात्र कोनाड्याजवळ दाट होता.

मी बापाचा पाइप हातात घेतला. तो गरम होता.

आता वैशाखात गरम काय नसतं? दाराची कडी गरम होती, भिंत गरम होती, मी स्वतः गरम होतो. अशी मी माझी समजूत घातली आणि बाकीच्या दोघांना हात लावून पाहिला. ते थंड होते.

सोमवारी त्याच वेळी पुन्हा वास आला. या वेळी सुभद्राबाईसुद्धा माजघराच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. आम्ही दोघं कोनाड्याकडे बघत होतो. बापाच्या पाइपाचं तोंड मी भिंतीकडे करून ठेवलेलं असायचं. ते दाराकडे वळलं होतं आणि घडवंचीवर चिमूटभर राख होती.

"तुमी?" तिने विचारलं.

"मी नाही."

"माह्या गळ्याची आन?"

"तुझ्या गळ्याची."

तिने पदर सावरला आणि थेट सोजराबाईंकडे गेली.

सोजराबाई समोरच्या घरातल्या. ऐंशीच्या पुढच्या. आमच्या आळीत कुणाचा जन्म, कुणाचं मरण, त्यांना विचारल्याशिवाय झालं नव्हतं. त्या काठी टेकत आल्या, कोनाड्यापुढे उभ्या राहिल्या आणि वास घेतला.

"वैजनाथा, मालक गेला याचा," त्या म्हणाल्या.

"साहेब धडधाकट आहे, आजी. परवा येणार आहे. नव्हे, उद्याच. चोवीस तारीख."

"उद्या आखाजी हाय," सोजराबाई म्हणाल्या. "मेलेल्या मानसाले तहान लागते, बाप्पा. परमुलखात जो मरते त्याले पानी कोन देईन? त्याची उष्टी वस्तू जथी हाय, तथीच येईन थो. उद्या घागर भर त्याच्या नावानं."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने घागर भरतात ते काय मला माहीत नव्हतं? पण जिवंत माणसाची घागर भरणं म्हणजे त्याला हाक मारून मरण दाखवणं. आणि ज्याच्या सहीवर मी जगणार त्याची! किसनराव तेवढ्यात आलेच होते. ते म्हणाले, हे शास्त्राला धरून नाही. मग म्हणाले, पण भरायचीच असली तर गोत्र लागेल.

"साहेबाचं गोत्र?" मी ओरडलो.

"ज्याचं गोत्र ठाऊक नाई त्याचं काश्यप. तसं शास्त्रच हाय," किसनराव म्हणाले. शास्त्राला धरून नसलेल्या गोष्टीला त्यांनी शास्त्र शोधून दिलं.

मी नाही म्हणालो. पुष्कळ बोललो. सुभद्राबाई ऐकत होती. जिने चार महिने त्या पाइपांवरून मला आंघोळी घातल्या, ती हळूच म्हणाली, "थो जिता असंल तं देव त्याले औक्ष देवो, पानी आपुनच पिऊ, वाया नाई जात. अन् नसंल तं... मानूस तहानेला नाई ठेवू, अवो. दुश्मनालेसुदा नाई."

मी घागर सांगायला कुंभाराकडे निघालो.

मंगळवारी आखाजी. कचेरीला सुटी. सकाळी कुंभाराकडची नवी घागर आली. माझ्या वडिलांची घागर देवघरापुढे भरली. दुसरी पुढच्या खोलीत, कोनाड्याखाली. तिला सूत गुंडाळलं, वर करा, म्हणजे मातीचं छोटं बोळकं, आणि कऱ्यावर आंबा. वाळा टाकून पाणी थंडगार केलं होतं. पाइपांना कुंकू लावावं की नाही यावर चर्चा झाली आणि लावलं. हात जोडून मी म्हणालो, "काश्यपगोत्री विल्मट, तृप्त व्हा." म्हणताना हसू आलं असतं तर बरं झालं असतं. सुभद्राबाईच्या डोळ्यांत पाणी होतं.

जेवणं झाली. आळी निजली. दोनाच्या सुमाराला दाराची कडी वाजली.

मी दार उघडलं. उन्हाने डोळे दिपले. त्या उन्हात विल्मट साहेब उभा होता.

माझी काय अवस्था झाली ते सांगायला शब्द नाहीत, कारण एका अंगाने मी आनंदाने रडायच्या बेतात होतो आणि दुसऱ्या अंगाने माझ्या मागे त्याचीच घागर भरून ठेवलेली होती. वर आंबा, बाजूला कुरडया, पाइपांना कुंकू. मी दारात आडवा उभा राहिलो. "साहेब, ओसरी जास्त हवेशीर आहे," असं काहीतरी बोललो. साहेब माझ्या बाजूने आत आला. अंगावर धूळ होती, ओठ फुटलेले होते. घोडा कुठे दिसला नाही. मला वाटलं झाडाखाली बांधला असेल. आमच्या घरी तो पूर्वी कधी आला नव्हता, तरी इकडेतिकडे न बघता सरळ कोनाड्यापुढे जाऊन थांबला.

बापाच्या पाइपावरचं कुंकू त्याने बोटाने अलगद चाचपलं.

"श्राध," तो म्हणाला.

"तुमच्या वडिलांचं, साहेब," मी घाईने म्हणालो. खोटं बोललो. पण तारीख त्याच्या बापाचीच होती, त्यामुळे अगदी खोटंही नव्हतं.

त्याने पाइप तोंडात धरला. धूर निघाला. काडी ओढलेली मला आठवत नाही. तो माझ्या बैठकीवर बसून शांतपणे ओढत होता आणि खोली त्या गोड वासाने भरून गेली. मग त्याने घागरीकडे पाहिलं.

"बाबू, पानी."

पुढच्या खोलीत दुसरं पिण्याचं पाणी नव्हतं. ते कुणाच्या करारामुळे नव्हतं हे आठवा. मी आत धावणार, तोच त्याने स्वतःच आंबा बाजूला ठेवला, करा उचलला आणि घटाघट प्याला. घागरीत बुडवून पुन्हा भरला. पुन्हा प्याला. तीन वेळा. माजघराच्या दारात सुभद्राबाईने तोंडाला पदर लावला होता.

"कॅम्प में पानी नहीं देता," तो म्हणाला. तक्रारीच्या सुरात नव्हे. "मांगा, बहुत मांगा. नहीं देता."

मी म्हणालो, "उन्हाळ्यात तिकडे झरे आटतात, साहेब." त्याने मान हलवली.

मग त्याने हात पुढे केला. मी खणातून कागद काढला, दौत-टाक दिला. त्याने शिफारस पूर्ण वाचली, एक स्वल्पविराम राहिला होता तो दाखवला, खाली सही केली आणि तारीख घातली: चोवीस एप्रिल. उठून पाइप रुमालाने पुसला, वाटी खाली, नळी वर, असा ठेवला. नळी उपसली नाही. दारात थांबून सुभद्राबाईकडे बघून त्याने टोपी काढली. आमच्या कुटुंबासाठी त्यापूर्वी आणि त्यानंतर कुणी टोपी काढलेली नाही.

मी त्याच्या मागे गेलो. ओट्यावरून खाली उतरेपर्यंत गल्ली रिकामी होती. दोन्ही टोकांपर्यंत ऊन आणि धूळ, आणि धुळीवर पाऊल नव्हतं. डोळे दिपतात, असं मी स्वतःला सांगितलं. मी आनंदात होतो. आनंदात माणूस जमीन बघत नाही.

त्या संध्याकाळी आम्ही सोजराबाईंना जाऊन हसलो. त्या हसल्या नाहीत. "पानी पेला?" एवढंच त्यांनी विचारलं. "पेला ना? मंग झालं."

बुधवारी सकाळी कागद घेऊन कचेरीत गेलो, तर सगळे उभे होते. कॅम्पाकडून जंगलाचा शिपाई चालत आला होता. भगवंतरावांनी मला बाजूला घेतलं.

"विल्मट साहेब गेले, वैजनाथ. पटकी झाली."

पहिला विचार मनात आला तो हा, की आम्ही जिवंत माणसाची घागर भरली आणि तो मेला. आम्ही मारला त्याला. मी भगवंतरावांचा हात धरला. "कधी? काल संध्याकाळी?"

"रविवारी. दुपारी बारा-एकाले. तथंच पुरलं."

रविवारी म्हटल्यावर जीव भांड्यात पडला. आम्ही मारलं नव्हतं. घागर दोन दिवसांनी भरली होती. पण माझ्या हातात कालच्या सहीचा कागद होता.

शिपाई कोपऱ्यात बसून डोळे पुसत होता. "लई पानी मांगे, बाबू," तो सांगत होता. "पटकीवाल्याले पानी द्या लागत नाई म्हने. आमी देल्लं नाई. मरेपरेंत मांगे."

भगवंतरावांनी माझा कागद घेतला. सही ताडून पाहिली. पंधरा वर्षं त्यांनी ती सही पाहिली होती. मग तारीख पाहिली. मग मला पाहिलं. दार लावून घेतलं.

"सही खरी हाय," ते म्हणाले. "तारीख काऊन अशी घातली बे तू?"

"मी नाही घातली. साहेबाने घातली. काल. माझ्या घरी."

त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. भला माणूस. "पाह्य वैजनाथ, मी काई ऐकलं नाई. घरी जाय. चोविसाचा विसा कर. एका आकड्याचं काम हाय. नाई तं हे बनावट सहीचं प्रकरन होईन, नोकरी तं जाईनच, वरतून तुरुंग."

मी घरी आलो. चाकू घेतला, शाई घेतली, कोनाड्यापुढे बसलो. चार हा आकडा खरवडून शून्य करायला काही लागत नाही. माझ्यासारख्या हस्ताक्षराच्या माणसाला तर नाहीच. सुभद्राबाई येऊन शेजारी बसली. मी तिला रविवारचं सांगितलं, शिपायाचं सांगितलं. पाण्याचं ऐकल्यावर ती रडली.

मग ती म्हणाली, "मेल्यावर थो दिलेला शब्द पाळाले आला. उन्हातानाचा आला. अन् तुमी म्हंता, थो आलाच नाई असं लिहू?"

"तुरुंगात जाईन, सुभद्रे."

"मी माहेरी राहीन. खोली रिकामी हाय." तिने माझ्या हातातला चाकू घेतला आणि भाजीच्या टोपलीत टाकला.

कागद तसाच वर गेला.

त्यानंतर अकरा महिने सरकार आणि मी एकमेकांना पत्रं लिहीत होतो. सही कोणत्या तारखेस झाली? कागदावर आहे त्या. कोठे झाली? माझ्या घरी. साक्षीदार कोण? कुटुंब. सहीच्या वेळी अधिकाऱ्याची प्रकृती कशी होती? तहान लागली होती. हे शेवटचं उत्तर भगवंतरावांनी खोडायला सांगितलं, पण मी ठेवलं. लोक मला बघून रस्ता बदलत. किसनरावांनी कुंपण उंच केलं. बिनपगारी मी कोर्टाच्या दारात अर्ज लिहून पोट भरलं.

आणि मग वरून हुकूम आला. तो मला पाठ आहे. सदर अधिकाऱ्याच्या मृत्यूची वर्दी या खात्यास बुधवार, पंचवीस एप्रिल रोजी पोहोचली. वर्दी पोहोचेपर्यंत अधिकारी कामावर हजर समजला जातो. सबब चोवीस तारखेची सही ग्राह्य धरण्यात येत आहे. भगवंतरावांनी तो मोठ्याने वाचला. सोजराबाई जे एका श्वासात म्हणाल्या होत्या, ते सरकारला अकरा महिन्यांनी आणि तीन टाचण्यांनिशी पटलं.

मी कायम झालो. विलायतेत लढाई चालू होती, साहेबाच्या बहिणीचं पत्र यायला आणखी वर्ष गेलं. दोन पाइप मी पुसून, पावती घेऊन पाठवले. तिसऱ्याबद्दल तिने लिहिलं होतं, की ज्याने सांभाळला त्याच्याकडेच तो राहू द्या.

त्याला आता बावीस वर्षं झाली. आम्ही आखाजीला तीन घागरी भरतो. एक माझ्या वडिलांची, एक साहेबाची, एक साहेबाच्या बापाची, दोघे काश्यपगोत्री. पुढच्या खोलीत आता बारा महिने पाण्याचा माठ असतो, त्यावर पेला असतो, आणि दारात येईल त्याने प्यावं असा सुभद्राबाईचा हुकूम आहे.

आखाजीच्या दुपारी आम्ही दोघं माजघरात बसतो, पुढच्या खोलीत कुणी जात नाही. तीनच्या सुमाराला वास विरतो. मग मी जातो. करा रिकामा असतो, तो सुभद्राबाई भरते. पाइप मी हातात घेतो. नंतर त्याची नळी उपसून, पिसाने साफ करून ठेवायची असते, पण लगेच नाही. चौथा नियम तांबड्या शाईने लिहिलेला आहे. म्हणून पाइप निवेपर्यंत मी तिथे बसून राहतो.